गाण्याची बैठक

गवयाला कोठे बसवावे हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. बैठकीत तो भिंतीकडे तोंड करून बसत नाही, की कपाटावर चढून गात नाही. मग त्याचा आवाज घरी आणणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या नशिबीच हा वनवास का? लातुरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत एक डबा शोकेसवर फुलदाणीशेजारी आणि दुसरा पडद्यामागे कोपऱ्यात असतो. वर आपण खुशाल निकाल देतो, की तबला गाण्यावर कुरघोडी करतो! कोपऱ्यातला डबा डग्ग्याचा घुमारा फुगवतो. त्यात वादकाचा काय अपराध?

यात आपल्या नव्या घरांचाही हात आहे. दगडमातीच्या जाड भिंती, मातीचे माळवद, सारवलेली जमीन आणि कोनाड्यातल्या गोधड्या आवाज पिऊन टाकीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंतींनी आणि माळवदांनी हजारो माणसे गाडली. त्या घरांचे गोडवे गाण्याचा निर्दयपणा कोणी करू नये. पण सिमेंटच्या भिंती, फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये आवाज चेंडूसारखा उसळतो, हेही खरे. खोली दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच असली, तर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा खर्ज तिन्ही दिशांनी एकदमच घुमू लागतो. तेव्हा डबे कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावेत. एवढ्यानेच गाणे मोकळा श्वास घेते.

दोन डब्यांची ही युक्ती ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याची; १९३१ साली त्याने तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. दोन्ही डबे आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. सहा-सहा फूट अंतर लहान खोलीला पुरते. बारीक स्वरांचा छोटा ध्वनिवर्धक कानाच्या पातळीवर हवा. आपल्या घरी मात्र मंडळी सतरंजीवर आणि डबा टेबलावर. मग गाणे डोक्यावरून जाते ते केवळ शास्त्रीय असल्यामुळे नव्हे! डबा थोडा पुढे कलता ठेवावा.

परीक्षा घ्यायची तर अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका लावावी. ते १९३७ साली गेले; त्यांचे गाणे एकाच वाटेने मुद्रित झालेले. दोन्ही डब्यांतून तेच निघते, आणि म्हणूनच आवाज बरोबर मध्ये, जेथे काहीच नाही तेथे, उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला कलला तर बहुधा एक डबा जवळ आहे. तो कोठेच ठरेना आणि खर्जही लुळा पडला, तर एका डब्याच्या तांबड्या-काळ्या तारांची अदलाबदल झाली असावी. इतके न पाहता एखाद्या गवयाच्या आवाजाला ‘पातळ’ म्हणणारा रसिक आमच्या मते घाईने शिक्षा सुनावतो.

जागेची अडचण आम्हांस ठाऊक आहे. त्याच खोलीत मुलांचा अभ्यास आणि रात्री अंथरुणे. पण ऐकण्यापुरते डबे पुढे सरकवून पुन्हा मागे लोटता येतात. जमिनीवर खडूची खूण केली की झाले. पाठीमागच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगावी. दिवाळी अंकांचे कपाट असेल तर तेही तेथेच असू द्यावे. अंक उंचसखल, वेडेवाकडे लावलेले असले तर उत्तमच, आवाज चांगला विखुरतो. तेवढा भाग यंदाच्या साफसफाईतून वगळण्यास घरातून परवानगी मिळवावी.