हृदयविफलता, मूत्रपिंड आणि क्रिएटिनिनचा मापदंड : दोन चाचण्यांचे परीक्षण

हृदय दुर्बल आणि मूत्रपिंडेही क्षीण झालेल्या रुग्णाच्या शरीरात साचलेले पाणी कसे काढावे, हा वैद्यकातील जुना पेच आहे. लघवी वाढविणारी औषधे मूत्रपिंडामार्फतच कार्य करतात. तेच थकले की औषधांचा प्रभावही ओसरतो. यातूनच डायलिसिसप्रमाणे रक्त शरीराबाहेर आणून त्यातील पाणी व क्षार गाळून घेण्याची, म्हणजेच अल्ट्राफिल्ट्रेशनची, कल्पना पुढे आली.

२००७ मधील 'अनलोड' चाचणीने तिला बळ दिले. २०० रुग्णांच्या या चाचणीत ४८ तासांत यंत्रगटाचे वजन सरासरी ५ किलो, तर औषधगटाचे ३.१ किलो घटले. २०१२ मधील 'कॅरेस-एचएफ'चा कौल मात्र उलट होता. १८८ रुग्णांच्या या चाचणीत ९६ तासांनंतर दोन्ही गटांतील वजनघट जवळजवळ सारखीच होती. यंत्रगटात क्रिएटिनिन वाढले आणि गंभीर दुष्परिणामही अधिक (७२ विरुद्ध ५७ टक्के) आढळले.

या निकालाचे वाचन सावधपणे व्हावयास हवे. औषधांची मात्रा रुग्णाच्या लघवीच्या प्रमाणानुसार टप्प्याटप्प्याने वाढविली जात होती. यंत्र मात्र सर्वांसाठी ताशी २०० मिलिलिटर या एकाच गतीने चालले. एकीकडे माप घेऊन शिवलेला सदरा आणि दुसरीकडे एकाच मापाचा तयार, अशी ही तुलना. शिवाय क्रिएटिनिनची अल्पकालीन वाढ म्हणजे मूत्रपिंडाची इजाच, हे गृहीतकही वादग्रस्त आहे. अर्थात रक्तस्राव आणि शिरेतील नळीमुळे होणारी गुंतागुंत या युक्तिवादाने पुसली जात नाही.

अधिक गंभीर मर्यादा रुग्णनिवडीत आहे. 'अनलोड'ने ३ आणि 'कॅरेस'ने ३.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा अधिक क्रिएटिनिन असलेले रुग्ण वगळले. म्हणजे ज्यांच्याबाबत डायलिसिसचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो, ते बहुतांशी चाचणीबाहेरच राहिले. त्यांच्यापुढील निवड निराळी असते. आठवड्यातून तीनदा, साधारण चार तासांच्या हिमोडायलिसिसमध्ये दोन-तीन दिवसांचे पाणी एकदम उपसले जाते. रक्तदाब कोसळतो, हृदयस्नायूंचे आकुंचन तात्पुरते मंदावू शकते, हातावरील फिस्टुलाही हृदयावरील भार वाढवतो. पोटाच्या डायलिसिसमध्ये पाणी संथपणे, रोज, घरच्या घरी निघते. परंतु उदरपोकळीत जंतुसंसर्गाचा धोका राहतो आणि घरातील कोणाचा तरी दिवस त्यात जातो. चार दिवसांच्या क्रिएटिनिनमध्ये यांपैकी कशाचीच नोंद होत नाही. रुग्ण त्या वर्षात किती दिवस घरी, धाप न लागता राहिला, या मोजणीत ती होऊ शकेल.