‘पेशी’, ‘स्नायू’ आणि शारीर परिभाषेतील अर्थभेद

शालेय मराठी विज्ञानात ‘पेशी’ हा सजीवाचा मूलभूत घटक असतो. तोच विद्यार्थी पुढे १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आयुर्वेद शाखेत आला, की रचनाशारीरात ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथील स्नायू हा सांधे बांधून ठेवणारा बंध आहे. मराठीतील स्नायू मात्र आकुंचन पावतो. बंगालीत हाच शब्द चेतातंतूसाठी रूढ आहे. परिभाषा संस्कृतोद्भव असली की ती आपोआप एकरूप होते, हे गृहीतक येथे टिकत नाही.

मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ हा शब्द योजून यातील एक पेच टाळला. शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र ‘पेशी’च राहिली.

या संदर्भात जर्मनचे उदाहरण उद्बोधक आहे. जर्मन शारीरविदांच्या संघटनेने १८९५ मध्ये बाझल येथे लॅटिन संज्ञांची प्रमाण सूची मान्य केली आणि एकाच अवयवाला मिळालेली अनेक नावे बाद केली. तरीही देशी शब्द लोपले नाहीत. वैद्य ‘क्लाविकुला’ लिहितो, रुग्ण ‘श्ल्युसेलबाइन’ म्हणतो. दोन्हींत ‘किल्ली’च आहे. गोंधळ तेथेही आहेच. ‘ब्लिंडडार्म’ म्हणजे वस्तुतः अंधांत्र, पण सामान्य जर्मन माणूस त्याच नावाने आंत्रपुच्छ ओळखतो. मराठी ‘आंत्रपुच्छ’ येथे अधिक नेमका ठरतो, हे नोंदविले पाहिजे. जर्मन वैद्याला मात्र शंका आल्यास लॅटिन सूचीचा आधार असतो. मराठीत शाळा, कोश आणि संहिता या तिन्ही ठिकाणी शब्द संस्कृतच असल्याने अर्थ बदलल्याचे लक्षातच येत नाही.

‘मज्जारज्जू’ या शब्दावरील आक्षेप मात्र काहीसा अन्यायकारक आहे. आयुर्वेदात मज्जा हा अस्थींतील धातू असल्याने ही संज्ञा सदोष मानली जाते. परंतु लॅटिन ‘मेड्युला’ आणि जर्मन ‘मार्क’ हे शब्दही अस्थिमज्जा व पृष्ठरज्जू या दोन्हींसाठी वापरले जातात. ग्रीक ‘न्यूरॉन’चा मूळ अर्थही स्नायुबंध असाच होता आणि तो शब्द संस्कृत ‘स्नायु’चा सगोत्र आहे. अर्थांतर हा भाषेचा दोष नव्हे; ते नोंदवले न जाणे हा कोशकारांचा दोष आहे.

प्रथम वर्षाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत अशा संज्ञांचे शालेय व संहितागत अर्थ लॅटिन नावासह शेजारीशेजारी छापणे अवघड नाही. आरंभ पेशी, स्नायू आणि मज्जा या तीन शब्दांपासून करता येईल.