प्रश्नांनी बांधलेला ग्रंथ

वैचारिक ग्रंथाची मांडणी ही केवळ प्रकरणांची सोय नसते. लेखकाचा हेतू तीतच उमटलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाचे वाचन बहुधा पहिल्या खंडापासून सुरू होते व प्रास्ताविक मागे राहते. आमच्या मते ग्रंथाची किल्ली त्या प्रास्ताविकातच आहे.

तेथे चार प्रश्न आहेत : सिद्धार्थाने प्रव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म यांची संगती कशी लावावी, आणि भिक्षूचे प्रयोजन काय. पुढील आठ खंड या प्रश्नांच्या प्रकाशात वाचले म्हणजे त्यांचा क्रम उलगडतो. पहिल्याचे उत्तर प्रथम खंडात, रोहिणीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलिय संघर्षात मिळते. दुसऱ्याचे दुसऱ्या खंडातील प्रथम प्रवचनात, तिसऱ्याचे चौथ्यात व चौथ्याचे संघविषयक पाचव्या खंडात.

धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’मध्ये वृद्ध, रोगी व मृत यांच्या दर्शनाची कथा स्वीकारलेली नाही. परंतु ते पाली वचन देतात, त्याची छाननी करतात व मग निष्कर्षास येतात. कारण त्यांना संशोधकाची खात्री पटवावयाची आहे. बाबासाहेब लहान, क्रमांकित वाक्ये योजतात. बौद्ध वाङ्मय अफाट असल्याने सामान्य माणसाच्या हाती एकच ग्रंथ असावा, हा विचार त्यांनी १९५० मध्ये ‘महाबोधि’ नियतकालिकातील लेखात मांडला होता. क्रमांकित वाक्य मोठ्याने वाचता येते, स्मरणात राहते व चर्चेत नेमके दाखविता येते.

या रचनेची उणीवही सांगितली पाहिजे. पाली वचन कोठे संपते व ग्रंथकाराचा अन्वयार्थ कोठे सुरू होतो, हे मूळ ग्रंथात कळत नाही. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवादाच्या वेळी पाली आधार शोधून ही उणीव बरीच भरून काढली.

सामूहिक वाचनात प्रास्ताविक वगळले की उत्तरे उरतात, प्रश्न हरवतात. आणि चिकित्सेसाठी लिहिलेला ग्रंथ केवळ पठणाची पोथी होतो. वाचकांस विचारप्रवृत्त करणे हा तर त्या प्रश्नांचा हेतू होता. म्हणून विहारांतील वाचनाचा आरंभ त्या चार प्रश्नांनी व्हावा, असे आम्हांस वाटते.