गाण्यातल्या नद्या आणि सीताबर्डीचे पाणी

नागपुरात जन्मलेले कवी राजा बढे (१९१२-१९७७) यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज यांमुळे ते त्याआधीच घरोघरी पोचले होते. चाल इतकी जोरकस आहे की शब्दांकडे लक्ष जातच नाही. पहिल्या कडव्यातल्या सहा नद्यांची नावे मुलांना पाठ असतात. त्यांचे पाणी कुठे जाते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

नकाशा समोर घेऊ. रेवा म्हणजे नर्मदा. ती नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते. वरदा म्हणजे वर्धा. तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते. भद्रा कर्नाटकातली. ती तुंगेला मिळते आणि तुंगभद्रा पुढे कृष्णेला. म्हणजे नावे सहा, खोरी तीन आणि समुद्र दोन. शिवाय एक नदी लपलेली आहे. थडी म्हणजे नदीकाठ. भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो तेव्हा आपल्याला घोडे दिसतात, भीमा ऐकू येत नाही.

आता न आलेली नावे पाहा. तापी नाही, कोकणातली एकही नदी नाही. नागपूरच्या कवीच्या गीतात वैनगंगाही नाही! सीताबर्डीच्या टेकडीवर पडलेला पाऊस नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला जातो. पुढे वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते. सीताबर्डीचे पाणी गीतातल्या वरदेला भेटते, पण बिननावाने.

हा गीताचा दोष मानायचा का? नद्यांची यादी म्हणून वाचले तर यादी अपुरी आहे. पण या नद्या एकोप्याचे पाणी भरतात, असे कवी म्हणतो. निसर्गात तसे घडत नाही. नर्मदा आणि कृष्णा वाटेत कुठेच भेटत नाहीत. त्यांचे पाणी एक होते ते माणसाने घडवलेल्या मातीच्या भांड्यात. एकोपा आयता मिळत नाही, तो भरावा लागतो. नकाशा पाहिल्यावर हा अर्थ अधिक ठळक होतो, आणि गीताचे खरे बळ त्यातच आहे.

शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे: आपल्या शाळेच्या छपरावरचे पाणी कोणत्या समुद्राला जाते आणि वाटेत त्याला गीतातली कोणती नदी भेटते? उत्तर शोधून झाल्यावर गीत पुन्हा म्हणावे.