आधी तुमचा वाटा दाखवा

ग्रँटची सूचना हा बसून वाचायचा मजकूर आहे असं सहसा कोणाला वाटत नाही. आपण ती चाळतो, रक्कम बघतो, शेवटची तारीख बघतो आणि रकाने भरायला घेतो. तुमच्यापैकी जे पर्यावरणाचा अभ्यास करताहेत, किंवा शनिवारी सकाळी घराजवळच्या ओढ्यातला कचरा उचलायला जातात, त्यांच्या हातात अशी एखादी सूचना आलीही असेल. आज तिच्याकडे एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं बघू. ती कोणाशी बोलते? काय मोजते? काय विचारायचं राहून जातं?

त्यासाठी निवडलाय तो अमेरिकेतला १९८९ चा ‘नॉर्थ अमेरिकन वेटलँड्स कन्झर्व्हेशन ॲक्ट’. आद्याक्षरं जोडून लोक त्याला ‘नॉका’ म्हणतात. त्याखाली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या पाणथळ जागा विकत घ्यायला, राखायला आणि पूर्ववत करायला अनुदान मिळतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा कायदा चांगला आहे, त्यानं पुष्कळ काही वाचवलंय. पण त्यातल्या एका अटीमुळे कोणती पाणथळ वाचणार हे बऱ्याचदा पाण्यापेक्षा पैशावर ठरतं.

बदकांची पुण्याई

हा कायदा ज्या देशात झाला, त्या देशानं शे-दीडशे वर्षं दलदली आटवण्यासाठीच कायदे केले होते. १८४९, १८५० आणि १८६० च्या ‘स्वॅम्प लँड’ कायद्यांनी केंद्र सरकारनं दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, त्यांतलं पाणी काढून त्या शेतीखाली आणाव्यात म्हणून. जवळजवळ साडेसहा कोटी एकर जमीन अशी हस्तांतरित झाली. विचार साधा होता: पिकत नाही ती जमीन वाया गेलेली. आपल्या सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराबा’ या शब्दामागेही तोच हिशेब आहे. १७८० च्या दशकात आजच्या सलग ४८ राज्यांत अंदाजे २२ कोटी १० लाख एकर पाणथळ होती. १९८० च्या दशकापर्यंत ती १० कोटी ४० लाखांवर आली. ओहायोतली ९० टक्के गेली, कॅलिफोर्नियातली ९१ टक्के.

ही घसरण पहिल्यांदा कोणाला जाणवली? शिकाऱ्यांना. पाणथळ गेली की बदकं जातात आणि बदकं गेली की शिकार जाते. १९३४ साली ‘डक स्टँप’ निघाला. जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकारानं पहिल्या तिकिटाचं चित्र काढलं. तिकीट तेव्हा एक डॉलरचं होतं, आज २५ डॉलरचं आहे. सोळा वर्षांवरच्या कुणालाही पाणपक्ष्यांची शिकार करायची तर ते घ्यावंच लागतं, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट जमिनीसाठी जातात. त्या पैशातून आजवर ६० लाख एकरांहून अधिक अधिवास राखला गेलाय. शिकारीबद्दल तुमचं मत काहीही असो, हा आकडा मान्य करायला हवा. बाकीचा देश ज्या चिखलाकडे नाक मुरडून बघत होता, त्यासाठी या लोकांनी दरवर्षी खिशातून पैसे काढले.

नॉका हे याच घराण्यातलं धाकटं भावंड. त्याच्या मोठ्या ग्रँटसाठी प्रस्तावांना गुण देणारे जे प्रश्न आहेत, ते वाचा. पहिला प्रश्न बदकांचा. दुसरा पाणथळीवर जगणाऱ्या इतर स्थलांतरित पक्ष्यांचा. मग भौगोलिक अग्रक्रम, पाणथळीचा प्रकार, काम किती काळ टिकेल, दुर्मीळ प्रजाती, आणि शेवटी भागीदार किती आणि कोण. प्रश्न नेमके आहेत, गोलमाल नाही. अनुदानाच्या सूचनांमध्ये जो पोकळ उत्साह असतो तो इथे फारसा नाही, आणि समीक्षक म्हणून मला हे आवडतं. पण यादीत काय नाही तेही बघा. खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा पूर या पाणथळीनं किती अडतो, कोणाच्या विहिरीला पाणी राहतं, शेजारच्या वस्तीतली मुलं तिथे जाऊ शकतात का, यांतल्या एकालाही स्वतंत्र प्रश्नाचा मान नाही. १९३४ साली ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नजरेतून आजही पाणथळीला गुण मिळतात.

मॅच म्हणजे नेमकं काय

आता त्या अटीकडे येऊ. इंग्रजीत तिला ‘मॅच’ म्हणतात. नॉकात एक डॉलर मागायचा तर निदान एक डॉलर केंद्र सरकारबाहेरचा उभा करून दाखवावा लागतो. हा दुसरा डॉलर रोख असू शकतो, दान मिळालेल्या जमिनीची किंमत असू शकते, किंवा वस्तू आणि कष्टांच्या रूपात असू शकतो. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेला खर्चही त्यात धरता येतो. छोट्या ग्रँटची मर्यादा अडीच लाख डॉलर, मोठीची ३० लाख. बरोबरीची रक्कम हा किमान उंबरठा. स्पर्धेत टिकायला बरेच जण त्याहून जास्त दाखवतात.

ऐकायला हे रास्त वाटतं. ज्याला काम करायचंय त्यानं स्वतःचंही काही घालावं. पण प्रत्यक्षात काय होतं? समजा, एका जमीन-न्यासाला एका श्रीमंत मालकानं गेल्या वर्षी दोन हजार एकरांचे विकासहक्क दान दिले. त्या दानाची किंमत काही लाख डॉलर. न्यासाचा मॅच एका सहीत उभा राहिला. दुसरीकडे, समजा, एका जुन्या कारखान्यांच्या गावात बारा एकरांची दलदल आहे. दर पावसात खालच्या गल्ल्यांत पाणी शिरतं, आणि ही दलदल नसती तर आणखी शिरलं असतं. तिथल्या गटाकडे चाळीस स्वयंसेवक आहेत आणि बँकेत दोन हजार डॉलर. अर्ज लिहायलाही माणूस नाही. नियम दोघांना तोच आहे. पण तो पहिल्याला विचारतो, ‘तुमच्याकडे काय आहे?’ आणि दुसऱ्यालाही तेच विचारतो. गरज कोणाची किती, हा प्रश्न त्यात येत नाही.

हे फक्त नॉकाचं नाही. ‘लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड’ १९६५ पासून आहे. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून त्याला पैसे मिळतात, आणि २०२० च्या कायद्यानं वर्षाला ९० कोटी डॉलर कायमचे ठरवून दिले. त्यातला राज्यांमार्फत मिळणारा निधी निम्मा वाटा मागतो, शिवाय तो प्रतिपूर्तीच्या पद्धतीचा आहे. म्हणजे आधी गावानं खर्च करायचा, मग बिलं दाखवून पैसे परत घ्यायचे. या फंडाचा एक नियम मात्र मनापासून दाद देण्यासारखा आहे. त्याच्या पैशातून घेतलेली किंवा सुधारलेली जागा पुढे दुसऱ्या कामाला वापरायची तर तेवढ्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते. उद्या नवा महापौर आला आणि त्याला तिथे पार्किंग करावंसं वाटलं, तरी हा नियम आडवा येतो.

पैसा येतो कुठून, हेही या मजकुराच्या समासात लिहिलेलं असतं. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली ‘डीपवॉटर होरायझन’ची तेलगळती झाली. त्यानंतरच्या फौजदारी तडजोडीत बीपी कंपनीला नॉकाच्या निधीत १० कोटी डॉलर भरावे लागले. तेलानं एक किनारा माखतो आणि त्या दंडातून पाणथळी राखल्या जातात. यात दंभ आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, नुकसान करणाऱ्याकडून पैसे घ्यावेतच. पण ते पैसे कुठे जातात हे ठरवणारी नियमावली मग जास्तच बारकाईनं वाचायला हवी.

कायदा मागे सरकतो तेव्हा

हे सगळं आत्ता का महत्त्वाचं आहे? २५ मे २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘सॅकेट विरुद्ध ईपीए’ या खटल्यात निकाल दिला. स्वच्छ पाण्याच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण कोणत्या पाणथळीला मिळेल याची कसोटी ५ विरुद्ध ४ मतांनी ठरली. ज्या पाणथळीचं पाणी बारमाही नदी-तळ्याला पृष्ठभागावर सलग जोडलेलं आहे, तिलाच ते मिळेल. जमिनीखालून जोडलेली, उन्हाळ्यात सुटी पडणारी, एकटी उभी असलेली पाणथळ त्याबाहेर गेली.

डाकोटा आणि मिनेसोटाच्या गवताळ प्रदेशात हिमनद्यांनी कोरलेले हजारो खळगे आहेत. त्यांतले बरेचसे असे सुटेच आहेत. पण तिथे बदकं अंडी घालतात, त्यामुळे निदान नॉकाच्या पैशाची वाट त्यांना माहीत आहे. ईशान्येकडच्या जंगलांत वसंतात भरणारी आणि उन्हाळ्यात आटणारी डबकी असतात. त्यांत मासे नसतात, म्हणूनच बेडूक आणि सॅलमँडर तिथे अंडी घालतात. पाव एकराच्या अशा डबक्याला बदकांच्या प्रश्नावर किती गुण मिळणार? काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, तिथे आधार आहे. जिथे नाहीत, तिथे केंद्राचा कायदा मागे सरकला आणि उरलं ते स्वेच्छेचं अनुदान. कायदा सगळ्यांना लागू असतो. अनुदान ज्याचा अर्ज मंजूर होतो त्याला मिळतं. या दोघांतलं अंतर या निकालानंतर जमिनीवर दिसू लागलंय.

पुरंदरची नियमावली

‘आधी तुमचा वाटा’ ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. आपण तिला श्रमदान किंवा लोकवर्गणी म्हणतो. आणि ती नेमकी कुठे अडते हेही महाराष्ट्रातल्या गावांनी पाहिलंय. बांध घालायला भूमिहीन माणूसही घाम गाळतो, पण पाणी मुरल्यावर विहीर भरते ती जमीनवाल्याची. चराईबंदी होते तेव्हा झळ पहिल्यांदा शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्याला बसते.

यावर एक उत्तर १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात लिहिलं गेलं. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं उपसा सिंचनाच्या योजना केल्या, त्यांच्या नियमांत लोकांचा वाटा होताच: खर्चाच्या २० टक्के. पण त्याच कागदावर पुढचं कलमही होतं. पाणी जमिनीप्रमाणे मिळणार नाही, घरातल्या माणसांप्रमाणे मिळेल, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं. भूमिहीनाचाही त्यावर हक्क. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ऊस लावायचा नाही.

त्या योजनाही अडचणींतून सुटल्या नाहीत. वीज आणि पंपांच्या खर्चाखाली काही बंद पडल्या, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला पाण्याच्या हक्काचा उपयोग करणं कठीणच गेलं. तरी एक मजकूर म्हणून ही नियमावली नॉकाच्या पुढे जाते. ती वाटा मागते आणि त्याच दमात फायदा कसा वाटला जाईल हे सांगते. नॉका पहिलं वाक्य उत्तम लिहितो, दुसरं लिहीतच नाही.

मग वाचायचं कसं

पुढच्या वेळी अशी सूचना समोर आली, की रकमेच्या आधी चार गोष्टी शोधा. मॅच किती, आणि त्यात कष्टाचे तास धरतात का? पैसे आधी मिळतात की बिलं दाखवल्यावर? सर्वांत जास्त गुण कशाला? आणि काम झाल्यावर ती जागा किती वर्षं बांधील राहते? शहरातल्या ओढ्यांसाठी असलेली ‘फाइव्ह स्टार’ ग्रँट घ्या. मॅच तिथेही हवा, पण स्वयंसेवकांचे तास चालतात, आणि अनेक भागीदार एकत्र येणं हीच तिची मुख्य अट आहे. म्हणून तुमच्या शनिवारच्या गटात हजेरीची वही ठेवा. कोण आलं, किती तास, काय केलं. नोंद नसलेला घाम कोणत्याच अर्जात चालत नाही.

दुसरं, अट कुठे लिहिलीय ते बघा. नॉकाची निम्म्या वाट्याची अट खुद्द कायद्यात आहे, ती फक्त काँग्रेस बदलू शकते. गुणांचे प्रश्न मात्र योजना चालवणारे ठरवतात, तिथे सूचना करता येतात. २०२० साली या कायद्याला २०२५ पर्यंत, वर्षाला ६ कोटी डॉलरच्या मर्यादेनं मुदतवाढ मिळाली होती. मुदतवाढीची चर्चा निघते तेव्हाच अटी पुन्हा उघडतात. तुम्ही तिथले मतदार असाल तर प्रतिनिधीला लिहायची वेळ ती. गरीब गावांसाठी वाटा कमी करा, एवढी एक ओळही पुरे.

आणि शेवटचं, जे आपल्याला जास्त लागू आहे. तुमचं मंडळ गावाकडच्या तळ्यासाठी, नाला खोलीकरणासाठी पैसे पाठवतं, तेव्हा ग्रँट देणारे तुम्ही असता. सूचना तुम्ही लिहिता, भले ती व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींची असो. आपण काय मागतो? आधीचा फोटो, नंतरचा फोटो, जेसीबी किती तास चालला, किती लिटर साठलं. पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी गावाला एकच जादा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: या तळ्यातलं पाणी कोणाकोणाच्या शेतात जाणार, आणि ज्याला शेतच नाही त्याला काय मिळणार?