कानांनी वाचलेला ग्रंथ

नवविधा भक्तीत श्रवणाला अग्रस्थान देणाऱ्या समाजाला ग्रंथ ऐकण्याचे नवल वाटू नये. एकाने पोथी वाचावी व इतरांनी ऐकावी, ही रीत आपल्या सभामंडपांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ध्वनिमुद्रित पुस्तकांविषयी प्रश्न विचारावयाचा तो इतकाच, की परक्या समाजाची ओळख करून देताना छापील पानाला न साधणारे असे आवाजाला काय साधते? ट्रेव्हर नोआ यांचे 'बॉर्न अ क्राइम' (२०१६) हे आत्मकथन या दृष्टीने पारखण्याजोगे आहे. सुमारे पावणेनऊ तासांचे हे वाचन स्वतः लेखकाचेच आहे.

नोआ यांचा जन्म १९८४ साली जोहान्सबर्ग येथे झाला. आई खोसा, वडील स्विस. गोऱ्या-काळ्यांचा शरीरसंबंध गुन्हा ठरविणारा कायदा दक्षिण आफ्रिकेत १९८५ पर्यंत अमलात होता. म्हणजे या बालकाचे अस्तित्व हाच गुन्ह्याचा पुरावा! ही हकीकत छापील पानावरही मन हेलावते. परंतु 'खोसा' हे नाव नागरी लिपीत लिहिताच अर्धे हरवते. त्याच्या आरंभी जिभेच्या कडेने काढावयाचा एक टकार आहे; बैल हाकताना गाडीवान काढतो, जवळजवळ तसाच. तो आपल्या तोंडाला ठाऊक आहे, वर्णमालेला नाही. आपण जो ध्वनी गोठ्यापुरता ठेवला, त्यावर दुसऱ्या एका समाजाची काव्ये आणि प्रार्थना उभ्या आहेत, हा बोध कानांवाचून होणे नाही.

भाषा हीच या ग्रंथाची खरी नायिका होय. मागून येणारे तरुण आपल्याला लुटण्याचा बेत झुलू भाषेत करीत आहेत, हे ऐकून नोआ त्याच भाषेत उत्तर देतात, आणि लुटारूंचे क्षणात सोबती होतात. मराठी, कोंकणी व कन्नड यांच्या सीमेवर नांदणाऱ्यांना यातील मर्म उलगडून सांगावयास नको.

दोषही आहे. निवेदक मूळचा विनोदकार. नकलेचा मोह त्याला सहजी आवरत नाही. २००९ साली सावत्र वडिलांनी आईवर गोळ्या झाडल्या, त्या प्रकरणानंतर श्रोत्याला क्षणभर स्तब्धता हवी असते. तेथेही हास्य लगबगीने येते. करुण प्रसंगानंतर किती थांबावे, हे मुरलेला कीर्तनकार जाणतो.

तथापि केवळ परकेपणाची मौज चाखण्यासाठी हा ग्रंथ ऐकणाऱ्याच्या पदरी फारसे पडणार नाही. शेजाऱ्याची भाषा कानी पडताच जो आजवर नाक मुरडीत आला, त्याने मात्र तो अवश्य ऐकावा.