बिट वाचले, चित्र तुटले

एच.266 चे कौतुक अजून ओसरलेले नाही. 2020 साली मानक झालेला हा व्हिडिओ कोडेक एच.265 च्या जवळपास निम्म्या बिटांत तोच दर्जा देतो. काम मोठेच आहे. पण ज्या तुलनांतून हा आकडा येतो, त्यांत एकही पॅकेट हरवलेले नसते. सोमाटणे फाट्यावरून पवन मावळात शिरणाऱ्या एसटीत असे न गळणारे जाळे कुणाला मिळते?

बिट जितके कमी, तितका प्रत्येक बिट मोलाचा. एक फ्रेम मागच्या फ्रेमच्या आधाराने उभी असते. मधले पॅकेट गळाले की पुढची, कुणाचाही आधार न घेणारी आय-फ्रेम येईपर्यंत चूक पसरत जाते. 2003 च्या एच.264 मध्ये यावरचे उपाय होते: मॅक्रोब्लॉकची लवचीक मांडणी, जादा स्लाइस, डेटाची विभागणी. 2013 च्या एच.265 ने ते वगळले. कुणी वापरत नाही, असे सांगितले गेले. लोकप्रिय हाय प्रोफाइलमध्ये ते घेतलेच नव्हते, मग वापरणार कोण?

डॅश आणि एचएलएस या स्ट्रीमिंग पद्धतींबद्दल फार लिहायला नको. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायचे आणि तोवर बफरवर काढायचे. गहुंज्याच्या मैदानावरचा षटकार अर्ध्या मिनिटाने दिसला तरी चालतो.

थेट संभाषणात असे थांबता येत नाही. तिथे मला भरवसा वाटतो तो 2018 च्या स्टॅनफर्डच्या सॅल्सिफायसारख्या कामाचा. त्यात कोडेक आणि वाहतूक एकमेकांशी बोलतात. प्रत्येक फ्रेमच्या दोन आवृत्त्या तयार होतात. त्या क्षणी जाळ्याला पेलेल ती जाते, नाहीतर एकही जात नाही. पलीकडे खरोखर पोहोचलेल्या फ्रेमच्या आधारानेच पुढची रचली जाते. व्हीपी8 सारख्या जुन्या कोडेकवर हे साधले, हे विशेष. 2024 चा ग्रेस हा कोडेक त्याहून पुढे जातो: तिथे एन्कोडर आणि डीकोडर ही दोन्ही न्यूरल जाळी पॅकेटगळती सोसतच एकत्र शिकतात. त्यामुळे गळती वाढली तरी चित्र एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरते. शॅननच्या 1948 च्या सिद्धांताचा आधार घेऊन संकुचन आणि संरक्षण वेगळे ठेवणाऱ्यांनी हे वाचावे. तो सिद्धांत हवा तेवढा विलंब गृहीत धरतो. पण संभाषणात एका दिशेने दीडशे मिलिसेकंद ओलांडले की बोलणे अडखळते.

आता नवी टूम आली आहे, गळालेला भाग एआयने भरून काढण्याची. सिनेमापुरती ठीक. पण डोंगराआडच्या वाडीतून डॉक्टरला जखम दाखवताना डीकोडरने तिथे गुळगुळीत कातडी रंगवली तर? तुटलेले चित्र निदान तुटलेले दिसते. डॉक्टर पुन्हा दाखवायला सांगतो. रचलेल्या चित्राने त्याची शंकाच मरते. असा भाग पडद्यावर वेगळा दाखवणे सक्तीचे हवे.

एच.266 नंतरच्या मानकाची चाचपणी सुरू आहे. त्यात प्रत्येक प्रस्तावाची गळतीत परीक्षा घ्या. गळती एकसारखी शिंपडलेली नको, झटक्यात सलग पॅकेटे नेणारी हवी. गिल्बर्ट या गणितज्ञाने अशा झटक्यात येणाऱ्या चुकांचे प्रारूप 1960 सालीच दिले आहे. त्या परीक्षेत नापास होणाऱ्या कोडेकने वाचवलेले निम्मे बिट जमेस धरू नयेत.